विद्युत-संपर्क आणि ग्रीस : एका गैरसमजाचा इतिहास (सोलापूर परिसराच्या संदर्भासह)

प्रास्ताविक

विजेच्या सांध्यावर ग्रीस लावावे काय, हा प्रश्न वरकरणी इतिहासाच्या कक्षेत येणारा वाटत नाही. तो वायरमनचा, फार तर तंत्रनिकेतनातील अध्यापकाचा प्रश्न समजला जातो. गेल्या दीड दशकात मात्र हाच प्रश्न एका अनपेक्षित दिशेने पुढे आला. 'यांत्रिक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्हेप-उपकरणांच्या, म्हणजे कोणतेही इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसलेल्या ई-सिगारेटींच्या, संपर्कबिंदूंवर 'वाहक ग्रीस' लावावे, म्हणजे वीज अधिक चांगली वाहते, अशी समजूत ती वापरणाऱ्या तरुणांमध्ये जगभर पसरली. भारतात या उपकरणांच्या व्यापारावर २०१९ पासून बंदी आहे. तरीही ती महाविद्यालयीन वयाच्या मुलांच्या हाती पडतात, ही गोष्ट अध्यापकांना नवी नाही.

या समजुतीच्या मुळाशी असलेली कल्पना व्हेपहून कितीतरी जुनी आहे. ग्रीस वीज वाहून नेते, असे मानण्याची सवय विजेच्या वापराबरोबरच वाढत आली. सोलापूरसारख्या, आधी वाफेवर व नंतर विजेवर चाललेल्या वस्त्रनगरीत या सवयीच्या खुणा सहज सापडतात. सांधा जुळतो तो धातूच्या दाबाने. ग्रीस त्या सांध्याची फक्त राखण करते. विज्ञानाला हे उमगण्यास बराच काळ लागला. ते व्यवहारात का उतरले नाही आणि न उतरल्यास काय घडू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्पर्श किती आणि कोठे?

धातूचे दोन सपाट तुकडे एकमेकांवर ठेवले की ते पूर्ण पृष्ठभागावर टेकले, असे डोळ्यांना दिसते. १९३९ मध्ये केंब्रिज येथील बाउडन आणि टेबर या संशोधकांनी हा समज मोडून काढला. पृष्ठभाग कितीही घासून गुळगुळीत केला तरी सूक्ष्म पातळीवर तो डोंगरदऱ्यांचाच असतो, आणि खरा स्पर्श होतो तो केवळ काही शिखरांवर. हे खरे स्पर्शक्षेत्र दिसणाऱ्या क्षेत्राचा अत्यल्प अंश असते. ते पृष्ठभागाच्या आकारावर अवलंबून नसते. दाब किती आणि धातू किती कठीण, यावर ते ठरते. त्याच सुमारास बर्लिन येथे सीमेन्स कंपनीत काम करणारे स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ राग्नर होल्म विजेच्या बाजूने याच निष्कर्षाप्रत आले होते. १९४१ मध्ये जर्मन भाषेत आणि १९४६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेले त्यांचे ग्रंथ या विषयाचा पाया मानले जातात. विद्युतधारा या मोजक्या बिंदूंतून जाताना आक्रसते आणि त्या आक्रसण्यामुळे रोध निर्माण होतो, असे होल्म यांनी दाखविले. तांब्याच्या दोन तुकड्यांमधील स्पर्शबिंदू एकच असेल आणि त्याची त्रिज्या एक दशांश मिलिमीटर असेल, तर हा रोध सुमारे ८५ मायक्रोओहम भरतो. दाब वाढविला की बिंदू रुंदावतात व त्यांची संख्या वाढते, आणि रोध उतरतो.

स्पर्शस्थानी तेलाचा थर असल्यास काय होते, याचे उत्तर याहून आधी, बिनतारी संदेशवहनाच्या आरंभकाळातच मिळाले होते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या प्रबंधात लोखंड आणि पारा यांच्या स्पर्शावर आधारलेल्या ग्राहकाचे वर्णन आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०२ मध्ये, लॉज आणि म्युरहेड यांनी पाऱ्यावर तेलाचा पातळ थर देऊन त्यात पोलादी चक्र फिरते ठेवले. तेल मध्ये असल्यामुळे एरवी वीज जात नसे. संदेशलहरीमुळे विभवांतर वाढले की तो थर क्षणभर फुटे आणि मार्ग खुला होई. तेल विसंवाहक आहे, हीच त्या उपकरणाची सगळी किमया होती! ज्या वस्तूला एका पिढीने अडसर म्हणून मुद्दाम वापरले, तिलाच पुढच्या पिढ्यांनी वाट समजावे, हे काहीसे विलक्षण म्हटले पाहिजे.

मग ग्रीस लावलेला सांधा चालतो कसा? दाबाखाली शिखरे ग्रीस बाजूला सारून एकमेकांना भिडतात आणि उरलेले ग्रीस त्या भिडलेल्या जागांभोवती बांध घालून बसते. हवा व ओलावा आत शिरत नाहीत, त्यामुळे नवा ऑक्साइड तयार होत नाही. ग्रीसचे काम एवढेच. कार्बनची पूड मिसळून केलेल्या 'वाहक' ग्रीसचा विशिष्ट रोध तांब्याच्या कोट्यवधी पट असतो. चांदीची पूड मिसळलेले ग्रीस त्याहून पुष्कळ सरस असले, तरी तेही घन धातूच्या जवळपास येत नाही. ॲल्युमिनियमच्या सांध्यासाठी जस्ताचे कण मिसळलेले जे लेपन मिळते, त्यातील कण मुख्यतः टणक ऑक्साइडचा थर भेदण्यासाठी असतात. 'वाहक' हे विशेषण बाजारात रूढ झाले आणि गैरसमजाला त्याने आयता आधार दिला.

गिरणीपासून डीपीपर्यंत

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजे सोलापूरकरांची 'जुनी मिल', १८७७ मध्ये सुरू झाली. ते युग वाफेचे होते. बॉयलर, इंजिन, छताखालून जाणारा लांबच लांब दांडा आणि त्यावरून प्रत्येक मागापर्यंत उतरणारे पट्टे, अशी त्या काळच्या गिरण्यांची सर्वसाधारण रचना असे. अशा कारखान्यात तेल आणि ग्रीस हे जीवनद्रव्यच होते. जेथे धातू धातूवर फिरतो तेथे वंगण हवे, हा धडा कामगारांच्या पिढ्यांनी हातांनी गिरविला. पुढे वीज आली, प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर आली, गिरण्यांची सद्दी संपत गेली आणि शहराच्या पूर्वभागात घरोघरी व गल्लोगल्ली यंत्रमाग उभे राहिले. मोटरबरोबर स्टार्टर आला आणि स्टार्टरबरोबर उघडझाप करणारे संपर्कबिंदू आले. हालणाऱ्या भागाला वंगण द्यायचे ही जुनी शिस्त या नव्या भागालाही लागू झाली असल्यास त्यात नवल नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते वंगणाची यांत्रिक समज विजेच्या क्षेत्रात अशीच, कोणी न शिकविता, शिरली असावी.

यंत्रमागाच्या शेडमध्ये तिचा परिणाम उलटा होतो. हवेत सुताची बारीक धूळ सतत तरंगत असते आणि ग्रीस तिला धरून ठेवते. उघडझाप होताना ठिणगी पडते, ठिणगीने ग्रीस जळून काळा थर बसतो आणि त्या थरावर पुन्हा सूत बसते. म्हणून उघडझाप करणारे संपर्कबिंदू सामान्यतः कोरडे व स्वच्छ ठेवावेत आणि लेपन घट्ट आवळलेल्या, न हालणाऱ्या सांध्यांपुरते राखावे, असा तंत्रज्ञांचा संकेत आहे. अर्थात काही स्विचांना त्यांच्या निर्मात्याने नेमून दिलेले वंगण लागते. तो भाग वेगळा.

गावाकडे हा प्रश्न निराळ्या रूपात आला. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढील दशकांत ग्रामीण विद्युतीकरणाला वेग आला. देशात तांबे अपुरे असल्याने तारा ॲल्युमिनियमच्या आल्या. पोलादी गाभ्याच्या या तारांना ब्रिटिश प्रथेनुसार प्राण्यांची नावे आहेत. वीजखात्यातील मंडळी आजही 'वीझल', 'रॅबिट', 'डॉग' अशी मागणी नोंदवितात. ॲल्युमिनियम स्वस्त व हलके, पण सांध्याच्या दृष्टीने खोडकर. घासून स्वच्छ केले तरी हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा टणक, विसंवाहक पापुद्रा धरतो. म्हणून आधी लेपन लावावे, त्या लेपनाखालीच तारेच्या ब्रशने घासावे आणि मग आवळावे, अशी रीत आहे. शिवाय तापमान वाढले की ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा व पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते. दर अंश सेल्सिअसला दशलक्ष भागांमागे ॲल्युमिनियम सुमारे २३, तांबे १७ आणि पोलाद १२ भाग वाढते. दिवसा तापून व रात्री निवून असा सांधा हळूहळू ढिला पडतो. अमेरिकेत साधारण १९६५ ते १९७३ या काळात बांधलेल्या अनेक घरांत ॲल्युमिनियमची वायरिंग झाली आणि पुढे तेथील सांधे तापून आगी लागल्याच्या तक्रारी आल्या. आपल्याकडे शेतकऱ्याला हा इतिहास ठाऊक नसला तरी त्याचा अनुभव आहे. 'डीपीवरचा जंपर जळाला' हे वाक्य ऐन उन्हाळ्यात, ऊस पाण्यावाचून उभा असताना, ज्याने ऐकले आहे त्याला संपर्करोध समजावून सांगावा लागत नाही.

सोलापूरच्या हवामानाचा येथे स्वतंत्र विचार हवा. कोकणात सांध्याचा शत्रू खारा ओलावा. पर्जन्यछायेतील सोलापुरात तो उष्णता. एप्रिल-मेमध्ये तापमान सहजच चाळीस अंशांपलीकडे जाते आणि उन्हात तापलेला धातू त्याहूनही गरम होतो. सांध्यांवर परंपरेने फासली जाणारी पेट्रोलियम जेली, म्हणजे १८७२ मध्ये अमेरिकेत चीझब्रो यांनी पेटंट घेतलेले 'व्हॅसलिन', साधारण ४० ते ६० अंशांदरम्यान वितळते. तेव्हा लंडनच्या हवेत जो उपाय टिकतो तो सोलापूरच्या मे महिन्यात वाहून जाऊ शकतो. १९४० च्या दशकात लिथियम-साबणावर आधारलेली ग्रीसे आली. ती पातळ होऊन ठिबकू लागण्याचे तापमान १८० अंशांच्या आसपास असते. उष्ण प्रदेशाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक होता. पाठ्यपुस्तके मात्र ग्रीस सरसकट एकच असल्यासारखी लिहितात.

२००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती. घरोघरी इन्व्हर्टर आले आणि बॅटरीच्या टर्मिनलवरील पांढरा-हिरवा क्षार हा मध्यमवर्गाच्या परिचयाचा झाला. तेथेही योग्य क्रम हाच आहे : आधी साफ करावे, मग आवळावे, आणि शेवटी वरून जेली फासावी. ढिल्या टर्मिनलवर भरपूर जेली थापून ठेवली तर आतील ढिलाई झाकली जाते, एवढेच.

देशाचा सांधा

३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूरचे नाव विद्युत-इतिहासात एका सांध्यामुळेच नोंदले गेले. रायचूर ते सोलापूर ही सुमारे २०८ किलोमीटर लांबीची ७६५ किलोव्होल्टची वाहिनी त्या दिवशी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाच्या ग्रिडशी समकालिक रीतीने जोडले गेले. तोवर दक्षिणेचा देशाशी संबंध होता, पण तो मुख्यतः उच्चदाब एकदिश प्रवाहाच्या दुव्यांतून. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतासह मोठा प्रदेश अंधारात गेला असताना दक्षिण त्यातून वाचली, ती या वेगळेपणामुळे. रायचूर–सोलापूर वाहिनीनंतर संपूर्ण देश एकाच वारंवारतेवर चालू लागला.

एवढ्या मोठ्या जोडणीतही अखेरीस प्रश्न असतो तो बोल्ट आणि क्लॅम्प यांचा. एका सांध्याचा रोध १० मायक्रोओहम असेल आणि त्यातून २००० ॲम्पिअर धारा जात असेल, तर तेथे ४० वॅट उष्णता निर्माण होते. मोठा क्लॅम्प ती सहज हवेत सोडतो. तोच रोध १०० मायक्रोओहम झाला की उष्णता ४०० वॅटवर जाते. उष्णतेने ऑक्साइड वाढते, ऑक्साइडने रोध वाढतो आणि रोधाने पुन्हा उष्णता. म्हणून उच्चदाब उपकेंद्रांत संयोजकांची निवड आय.एस. ५५६१ सारख्या मानकानुसार होते, बोल्ट ठरावीक पीळ-बलाने आवळले जातात, रोध मायक्रोओहममध्ये मोजला जातो आणि चालू वाहिनीवरील सांध्यांचे तापमान अवरक्त कॅमेऱ्याने तपासले जाते. या साखळीत ग्रीस आहे, पण ती एक दुय्यम कडी आहे. ग्रीस लावले म्हणून रोधाचे मापन टाळले, असे तेथे घडत नाही.

नळीतील वीस ॲम्पिअर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ मध्ये आधुनिक ई-सिगारेटचे पेटंट घेतले. पहिली उपकरणे सिगारेटच्याच आकाराची व अल्प शक्तीची होती. मोठ्या बॅटरीच्या हव्यासातून २००८ च्या सुमारास नळीच्या आकाराची उपकरणे आली आणि पुढे त्यांतूनच 'मेकॅनिकल मॉड' हा प्रकार फोफावला. रचना अगदी सोपी : पितळेची वा तांब्याची नळी, आत १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम-आयन घट, तळाशी दाबायचे बटण आणि माथ्यावर तापणारी तार. नळी हीच वाहक. मध्ये फ्यूज नाही, धारेवर मर्यादा नाही, तापमानाची जाणीव नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या विजेरीत आणि हिच्यात तत्त्वतः फरक नाही; फरक आहे तो धारेच्या परिमाणात.

पूर्ण भारित घटाचे विभवांतर ४.२ व्होल्ट. तारेचा रोध ०.२ ओहम धरला आणि घटाचा अंतर्गत रोध हिशेबातून वगळला, तर २१ ॲम्पिअर धारा व सुमारे ८८ वॅट शक्ती मिळते. बटण, पेच आणि माथा येथील सांध्यांचा मिळून ०.०२ ओहम रोध वाढला की धारा १९ ॲम्पिअरवर येते, तारेला सुमारे ७३ वॅट मिळतात आणि सांध्यांतच ७ वॅटहून अधिक उष्णता खर्च होते. उपकेंद्रातील क्लॅम्पच्या तुलनेत ७ वॅट किरकोळ वाटतील, पण ते बोटाखालच्या बटणात साठतात. 'वाफ कमी येते', 'बटण गरम लागते' या तक्रारींचा उगम येथे आहे, आणि त्यावर उपाय म्हणून ग्रीसची नळी हाती घेतली जाते.

हा उपाय सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. पेचाचे आटे घासून स्वच्छ केले, त्यांवर अत्यंत पातळ लेप दिला आणि ते घट्ट बसविले, तर तांबे-पितळ काळवंडण्याचा वेग कमी होतो. सुधारणा मात्र होते ती घासण्याने व आवळण्याने; श्रेय ग्रीसला जाते. खरी चिंता पुढे आहे. या घटाच्या धन टोकाभोवतीचा सगळा पत्रा ऋण असतो. दोहोंमध्ये असते ते कागदाचे वलय व प्लॅस्टिकचे पातळ वेष्टन. माथ्याच्या पेचातही धन खिळा व ऋण आटे यांच्यामध्ये एक लहानसे विसंवाहक कडे असते. धातूची पूड मिसळलेले ग्रीस तापून या कड्यावर किंवा त्या वलयावर पसरले, तर दोन ध्रुवांमध्ये गळतीची वाट तयार होण्याचा धोका आहे. एरवीच्या उपकरणात अशा वेळी संरक्षक परिपथ वीज तोडतो. येथे तोडणारे कोणी नाही. थेट लघुपरिपथन झाल्यास घटाचे तापमान अनावर वाढते, आणि बंद नळीत त्याचा परिणाम स्फोटासारखा होतो. काही रचनांमध्ये बटणाखाली अशी स्प्रिंग असे, की धारा प्रमाणाबाहेर गेल्यास ती तापून मऊ पडे व संपर्क सुटे. फ्यूजचे काम करणारा तो एक ओबडधोबड उपाय होता. रोध कमी करण्याच्या नादात अशी स्प्रिंग बदलून जाड तांब्याचा दांडा बसविणाऱ्याने तीही सोय स्वतःच्या हाताने काढून टाकली, असे म्हणावे लागते.

मे २०१८ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सेंट पीटर्सबर्ग येथे आणि जानेवारी २०१९ मध्ये टेक्सास राज्यात फोर्ट वर्थ येथे व्हेपच्या स्फोटाने प्रत्येकी एका तरुणाचा मृत्यू झाला. या घटनांचा ग्रीसशी संबंध जोडण्यास आधार नाही, आणि तसा तो जोडूही नये. संरक्षक परिपथाविना लिथियम-आयन घट तोंडाजवळ धरण्यातील जोखीम किती खरी आहे, हे दाखविण्यापुरताच त्यांचा उल्लेख केला. दुसरी बाजू श्वसनाची. माथ्याजवळ लावलेले ग्रीस तापलेल्या तारेच्या शेजारी असते आणि त्याचे तेल वाफेबरोबर फुप्फुसात जाण्याचा संभव नाकारता येत नाही. २०१९–२० मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसांना इजा होण्याची जी साथ आली, तिच्यात फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ मृत्यूंची नोंद झाली. तिचे प्रमुख कारण गांजाजन्य द्रवात मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे होते, संपर्क-ग्रीस नव्हे. त्वचेवर निरुपद्रवी ठरणारा तेलकट पदार्थ फुप्फुसात तसा ठरत नाही, एवढे मात्र त्यातून स्पष्ट झाले.

कायदा आणि मापन

केंद्र शासनाने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. व्यक्तिगत वापर हा मात्र स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदविलेला नाही. ज्या सोलापुरात हजारो स्त्रियांचा चरितार्थ आजही विडी वळण्यावर चालतो, तेथे या बंदीकडे पाहण्याच्या दृष्टी एकाहून अधिक असणार. तो विषय स्वतंत्र अभ्यासाचा आहे. आपल्या विषयापुरता कायद्याचा एक परिणाम महत्त्वाचा. वस्तूच निषिद्ध ठरल्याने तिच्या सांध्यांसाठी कोणतेही भारतीय मानक असण्याचा प्रश्न उरत नाही. चोरून आलेल्या नळीसोबत माहितीपत्रकही क्वचितच येते. सोलापूरजवळच्या उपकेंद्रात एका क्लॅम्पमागे मानक, पीळ-बलाचा आकडा आणि अवरक्त छायाचित्र असते. वसतिगृहातील खोलीत वीस ॲम्पिअरचा सांधा तपासला जातो तो बटण बोटाला किती गरम लागते यावरून, आणि बटण गरम लागले की त्यावर आणखी थोडे ग्रीस लावले जाते.